टिंबाच्या उजवीकडे: दशांश संख्या नव्याने शिकणाऱ्यांसाठी

नागपूरच्या इतवारी बाजारातील एका मसाल्याच्या दुकानात मी हिशेबाला बसू लागले, तेव्हा माझे शिक्षण आठवीपर्यंत झालेले होते आणि तोंडी हिशेबात मी कोणाला हार जात नसे. सव्वादोन किलोचे किती, पावणेचार किलोचे किती, हे कागदाला हात न लावता सांगता येत होते. मग गल्ल्याशेजारी इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आला. एका गिऱ्हाइकाने ७५ ग्रॅम विलायची मागितली, काट्याने ०.०७५ दाखवले, मी बिलावर ०.७५ लिहिले आणि २,४०० रुपये किलोच्या भावाने १८० रुपयांऐवजी १,८०० रुपये मागितले. गिऱ्हाईक समंजस होते म्हणून गोष्ट हसण्यावारी गेली, पण ते एक शून्य मी का गाळले हे मला त्या दिवशी सांगता आले नाही. पुढे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, अर्ज भरून मी दहावीला बसले, तेव्हा पाचवी-सहावीच्या पुस्तकांतले दशांश अपूर्णांक मला मुळापासून शिकावे लागले आणि उत्तर तिथे सापडले.

हा लेख दुकानात नव्याने हिशेबाला बसलेल्यांसाठी, शाळा सुटून बरीच वर्षे झाल्यावर पुन्हा परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आणि मुलांचा अभ्यास घेताना अडखळणाऱ्या पालकांसाठी आहे. आधीच सांगून ठेवते की, मी केलेल्या आणि इतरांच्या वहीत पाहिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे: आपण टिंबाच्या उजवीकडचे आकडे ही एक वेगळी, स्वतंत्र संख्या आहे असे समजून वाचतो. ०.०७५ मधले ‘पंच्याहत्तर’ मला दिसले आणि त्या पंच्याहत्तरांचे घर कोणते, हे मी पाहिलेच नाही.

सुरुवात करण्यापूर्वी जवळ काय असावे

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि सेंटिमीटरच्या खुणा असलेली साधी पट्टी एवढे साहित्य पुरते. त्याखेरीज घरातली खरी कागदपत्रे काढून ठेवा: विजेचे एक जुने बिल, किराण्याचे एक बिल, पेट्रोल पंपावरची एक पावती, दागिन्याची पावती असल्यास ती, आणि घरी शेती असल्यास सातबारा. पुस्तकातली उदाहरणे सोडवताना चूक झाली तरी काही बिघडत नाही, म्हणून मन निवांत राहते. स्वतःच्या बिलावर मात्र आपण डोळे उघडे ठेवून आकडेमोड करतो. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या, पण तो शेवटी ताळा पाहण्यासाठी वापरा.

पायरी १: घरे ओळखा

२४६ या संख्येत २ शतकाच्या घरात, ४ दशकाच्या घरात आणि ६ एककाच्या घरात आहे, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. डावीकडून उजवीकडे येताना प्रत्येक घराची किंमत आधीच्या घराच्या दहाव्या भागाएवढी होते: शंभर, दहा, एक. दशांश पद्धत इतकेच म्हणते की एकापाशी थांबण्याचे कारण नाही. एकाचा दहावा भाग म्हणजे दशांश, त्याचा दहावा भाग म्हणजे शतांश आणि त्याचाही दहावा भाग म्हणजे सहस्रांश. म्हणून २४६.३७५ ही संख्या चौकटीच्या वहीत अशी मांडावी:

शतक २ | दशक ४ | एकक ६ . दशांश ३ | शतांश ७ | सहस्रांश ५

एककाचे घर कुठे संपते हे दाखवण्यापलीकडे टिंबाला काम नाही. इथे एक खोड मला बरेच दिवस जडली होती: डावीकडे एकक, दशक, शतक आहेत, तर उजवीकडेही ‘एकांश’, दशांश, शतांश असतील असे मला वाटे आणि माझे सगळे आकडे एक घर सरकत. ‘एकांश’ नावाचे घर नाही. या मांडणीचा मधला खांब एककाचे घर आहे. त्याच्या एका बाजूला दशक आणि दुसऱ्या बाजूला दशांश, मग एका बाजूला शतक आणि दुसऱ्या बाजूला शतांश.

पट्टीवर हे डोळ्यांना दिसते. एका सेंटिमीटरमध्ये दहा मिलिमीटर असतात, म्हणून ७ सेंटिमीटरच्या पुढे चार बारीक रेघा गेल्यावर ७.४ सेंटिमीटर होतात. वजनकाट्यावर टिंबानंतर तीन घरे असतात, कारण एका किलोत १,००० ग्रॅम असतात आणि त्यामुळे सहस्रांशाचे घर म्हणजेच ग्रॅमचे घर ठरते. ०.०७५ मध्ये दशांशाच्या घरात, म्हणजे शंभर ग्रॅमच्या घरात, काहीच नाही. ते रिकामे घर शून्याने राखलेले आहे. माझ्या हातून गळाले ते हेच शून्य.

लिहिण्याविषयी दोन सूचना. एकाहून लहान संख्या लिहिताना टिंबाआधी शून्य अवश्य लिहा; नुसते ‘.५’ लिहिले तर घाईत टिंब दिसत नाही आणि पाच उरतात. दुसरे असे की, देवनागरी शून्य हाताने लिहिताना इतके बारीक होते की २.५ आणि २०५ यांत गोंधळ होऊ शकतो, म्हणून टिंब ओळीच्या तळाशी ठळक द्या आणि शून्य आकड्याच्या पूर्ण उंचीचे काढा. स्वल्पविराम आणि टिंबही एकमेकांसारखे होऊ देऊ नका. १,०५० रुपये आणि १.०५० किलो यांत हजारपटीचे अंतर आहे.

पायरी २: वाचायला शिका आणि सव्वा-दीडचा उपयोग करा

३.७५ ही संख्या पुस्तकी मराठीत ‘तीन पूर्णांक पंच्याहत्तर शतांश’ अशी वाचतात आणि बोलताना ‘तीन पॉइंट सात पाच’ असे म्हणतात. हे दोन्ही बरोबर आहे. ‘तीन पॉइंट पंच्याहत्तर’ असे म्हणणे मात्र सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. एक तर त्यामुळे उजवीकडे वेगळी संख्या असल्याचा भास होतो. शिवाय मराठीत वीसच्या पुढच्या संख्यांमध्ये एककाचा उच्चार आधी आणि दशकाचा नंतर होतो. फोनवर कोणी ‘पॉइंट सत्तावीस’ सांगितले की घाईत सात आधी उमटतो आणि ०.२७ चे ०.७२ होते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. त्या वादात मी पडत नाही, पण टिंबाच्या उजवीकडे एकेक आकडा सुटा उच्चारावा, यावर कोणाचे दुमत असू नये.

आता आपल्या भाषेने दिलेली शिदोरी पाहा. पाव म्हणजे ०.२५, अर्धा म्हणजे ०.५, पाऊण म्हणजे ०.७५, सव्वा म्हणजे १.२५, दीड म्हणजे १.५ आणि अडीच म्हणजे २.५. ‘साडे’ लागले की पुढच्या संख्येत ०.५ मिळवावे (साडेतीन म्हणजे ३.५), ‘सव्वा’ लागले की ०.२५ मिळवावे (सव्वाचार म्हणजे ४.२५) आणि ‘पावणे’ लागले की ०.२५ वजा करावे (पावणेतीन म्हणजे २.७५). जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुलांकडून पाठ करून घेत. ज्यांच्या घरात ते पाठ असलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी ते ऐकून उतरवून घ्यावेत. नव्याने शिकणाऱ्याला वाटते की दशांश परके आहेत, पण बाजारात त्यातल्या निम्म्यांशी आपली रोजची ओळख असते.

मात्र मोठ्या संख्यांपुढे हेच शब्द वेगळे वागतात. सव्वाशे म्हणजे शंभराची सव्वापट, १२५. पावणेदोनशे म्हणजे १७५. अडीच हजार म्हणजे २,५००. तिथे पाव हा एकाचा नसून शंभराचा किंवा हजाराचा असतो. ‘१.२५ लाख’ आणि ‘सव्वा लाख’ एकच आहेत, म्हणजे १,२५,०००.

पैशांच्या बाबतीत एक सापळा सर्वांत जास्त वेळा दिसतो. ५.५ रुपये म्हणजे ५ रुपये ५० पैसे. ५ रुपये ५ पैसे लिहायचे असतील तर ५.०५ लिहावे लागते. रुपयाचे शंभर भाग १ एप्रिल १९५७ पासून झाले. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, म्हणून नवीन पैशाला काही वर्षे ‘नवा पैसा’ म्हणत. ‘चाराणे’, ‘आठाणे’, ‘बाराणे’ हे शब्द आजही ऐकू येतात आणि ते अनुक्रमे ०.२५, ०.५० व ०.७५ रुपयांशी नेमके जुळतात, पण एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया होतो. त्यामुळे एका आण्याचे नव्या पैशांत नेमके रूपांतर होत नसे.

पायरी ३: लहान-मोठे ठरवा

०.५ मोठे की ०.३५, असे विचारल्यावर पुष्कळ जण ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचाहून मोठे आहेत. उपाय सोपा आहे: दोन्ही संख्यांची टिंबानंतरची घरे शेवटी शून्ये लावून सारखी करा. ०.५० आणि ०.३५ असे लिहिले की उत्तर समोर येते. ४.६, ४.५८ आणि ४.६०८ यांची ४.६००, ४.५८० आणि ४.६०८ अशी मांडणी केल्यावर चढता क्रम ४.५८, ४.६, ४.६०८ असा लागतो.

टिंबानंतरच्या शेवटच्या आकड्यापुढे शून्य लावले तर किंमत बदलत नाही. टिंब आणि आकडा यांच्यामध्ये शून्य घातले तर आकडा एक घर सरकतो आणि किंमत दहावा भाग होते. ०.५ आणि ०.५० समान आहेत, ०.५ आणि ०.०५ समान नाहीत. काही जण एक सापळा टाळताना दुसऱ्यात पडतात आणि ‘जितके आकडे जास्त, तितकी संख्या लहान’ असा नियम करून बसतात. तोही खोटा आहे, हे ४.६०८ वरून दिसतेच.

पायरी ४: बेरीज आणि वजाबाकी

टिंबाखाली टिंब, एवढाच नियम आहे. पूर्ण संख्यांची बेरीज करताना आपण आकडे उजव्या कडेने जुळवतो आणि तीच सवय इथे घात करते. २.५ आणि ०.७५ उजव्या कडेने जुळवले तर २५ आणि ७५ मिळून १०० येतात आणि १.०० असे उत्तर लिहिले जाते, म्हणजे अडीच किलोत पाऊण किलो टाकल्यावर एक किलो उरतो! उत्तर लिहिल्यावर ते मोठ्या संख्येहून लहान तर नाही ना, एवढे पाहिले तरी ही चूक सापडते.

चार पुड्यांचे वजन २.५, ०.७५, १.१२५ आणि ३ किलो असेल तर ते असे लिहावे:

२.५००
०.७५०
१.१२५
३.०००

बेरीज ७.३७५ किलो येते. पूर्ण संख्येला टिंब दिसत नसले तरी ते एककानंतर असतेच, म्हणून ३ हे ३.००० असे लिहावे.

वजाबाकीत १० मीटर पाइपातून ३.६४ मीटर कापला तर किती उरला, यासारख्या उदाहरणांत गडबड होते. दहातून तीन गेले, सात राहिले, आणि ६४ तसेच खाली उतरवले, असे करून ७.६४ लिहिणारे पुष्कळ आहेत. १०.०० असे लिहून हातचे घेत वजाबाकी केली की ६.३६ येते. ताळा म्हणून ६.३६ मध्ये ३.६४ मिळवावे; १० आले की काम झाले.

पायरी ५: दहाने, शंभराने, हजाराने

पूर्ण संख्येला दहाने गुणताना ‘एक शून्य लावा’ असे शिकवले जाते. दशांशात ते चालत नाही, २.५ पुढे शून्य लावून २.५० होतात आणि ते पुन्हा अडीचच राहतात. गुणताना प्रत्येक आकडा डावीकडच्या घरात जातो आणि भागताना उजवीकडच्या घरात. ४.३५ ला दहाने गुणून ४३.५, शंभराने ४३५ आणि हजाराने ४,३५० मिळतात. उलट ३६ ग्रॅमचे किलो करताना हजाराने भागून ०.०३६ येते. ही पायरी हाताला वळण लागेपर्यंत करावी, कारण पुढचा गुणाकार-भागाकार हिच्यावर उभा आहे.

पायरी ६: गुणाकार

रीत अशी: टिंबे विसरून पूर्ण संख्यांचा गुणाकार करा, दोन्ही संख्यांत टिंबानंतर मिळून किती आकडे आहेत ते मोजा आणि उत्तरात उजवीकडून तितके आकडे सोडून टिंब द्या. ही रीत मला पाठ होती, पण ती का चालते हे कळेपर्यंत मी तिच्यावर विश्वास ठेवू शकले नाही. चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखा. ही आपली एक संपूर्ण वस्तू. त्यातले तीन उभे रकाने म्हणजे ०.३ आणि चार आडव्या ओळी म्हणजे ०.४. दोन्हींत येणाऱ्या चौकटी १२ आहेत आणि एकूण चौकटी १०० आहेत, म्हणून ०.३ × ०.४ = ०.१२. दशांशाला दशांशाने गुणले की शतांश मिळतात. टिंबानंतरची घरे मोजण्यामागे इतकेच आहे. उत्तर दोन्ही संख्यांहून लहान आले म्हणून दचकू नका. तीन दशांशाचा चार दशांश भाग हा मूळ तीन दशांशाहून लहानच असणार.

आता बाजारातले उदाहरण घेऊ. तांदूळ ४६.५ रुपये किलो आहे आणि २.७५ किलो घ्यायचा आहे. आकडेमोडीपूर्वी अंदाज बांधावा: दोन किलोचे ९३ रुपये आणि तीन किलोचे १३९.५ रुपये होतात, त्यामुळे उत्तर या दोहोंच्या मध्ये आणि तीन किलोच्या जवळ असले पाहिजे. ४६५ × २७५ = १,२७,८७५. टिंबानंतरचे आकडे एक आणि दोन मिळून तीन, म्हणून उत्तर १२७.८७५ रुपये. आता तोंडी ताळा पाहा: पावणेतीन म्हणजे तीनमध्ये पाव कमी. १३९.५ मधून ४६.५ चा चौथा भाग, म्हणजे ११.६२५, वजा केला की १२७.८७५ येतात. इतवारीतले जुने दुकानदार असाच हिशेब करतात. शाळेची रीत आणि बाजाराची रीत एकाच उत्तरावर येऊन मिळाल्या, त्या दिवशी माझी दशांशाची भीती गेली.

दोन सापळे. २.५ × ०.४ करताना २५ × ४ = १०० येतात. इथे शून्ये आधी खोडून टाकली आणि मग टिंब दिले तर ०.०१ असे काहीतरी येते. आधी टिंब द्यावे, १.००, आणि मग शून्ये काढून १ लिहावे. दुसरा सापळा म्हणजे गुणाकारातही टिंबाखाली टिंब मांडण्याची धडपड. तिची गरज नाही, तो नियम फक्त बेरीज-वजाबाकीचा आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल असे एक उदाहरण स्वतः करून पाहा. विजेचे एक युनिट म्हणजे १,००० वॉटचे उपकरण एक तास चालवण्याइतकी वीज. कूलरवर १८० वॉट लिहिले असेल तर ते ०.१८ किलोवॉट झाले. तो रोज १२ तास चालला तर ०.१८ × १२ = २.१६ युनिट आणि ३० दिवसांत ६४.८ युनिट होतात. आता विजेचे बिल काढा आणि मे महिन्याच्या आकड्याशी हे ताडून पाहा.

पायरी ७: भागाकार

भाजक दशांश असेल तर भाज्य आणि भाजक या दोहोंना दहाने किंवा शंभराने गुणून भाजकाची पूर्ण संख्या करावी. साडेसात किलो धन्याच्या पाव किलोच्या किती पिशव्या होतील? ७.५ ÷ ०.२५ हे ७५० ÷ २५ झाले, म्हणजे ३० पिशव्या. भागाकार केल्यावर संख्या वाढली याचे आश्चर्य वाटायला नको. एका किलोतून चार पिशव्या निघतात, तर साडेसात किलोतून तीसच निघतील. सर्वसाधारण चूक अशी होते की फक्त भाजकाला शंभराने गुणले जाते आणि भाज्य तसेच राहते.

भागाकारात शून्य गळणे हा दुसरा दोष. ६.१२ ÷ ६ करताना सहा एके सहा, मग १ ला भाग जात नाही म्हणून वर शून्य द्यायचे असते. ते राहिले की १.०२ ऐवजी १.२ होतात. भाग जात नसला तरी घर रिकामे सोडू नये.

काही भागाकार संपतच नाहीत. अपूर्णांकाला शक्य तितका संक्षेप दिल्यावर छेदाच्या अवयवांत फक्त २ आणि ५ असतील तर दशांश संपतो, जसे १ ÷ ८ = ०.१२५; अन्यथा आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात, जसे १ ÷ ३ = ०.३३३… तिघांत १०० रुपये वाटले तर प्रत्येकी ३३.३३ रुपये येतात आणि एक पैसा उरतो. हिशेबाच्या वहीत एका पैशाचा फरक दिसला की आधी असा भागाकार कुठे झाला आहे का, ते शोधावे.

पायरी ८: आसन्न किंमत

१२७.८७५ रुपये कोणी देऊ शकत नाही, म्हणून संख्या हव्या त्या घरापर्यंत आणावी लागते. ज्या घरापर्यंत ठेवायचे त्याच्या लगेच पुढचा आकडा ५ किंवा त्याहून मोठा असेल तर एक वाढवावा, नसल्यास तसेच ठेवावे. शतांशापर्यंत १२७.८८ आणि पूर्ण रुपयांत १२८ मिळतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, त्यामुळे रोखीच्या बिलात शेवटी पूर्ण रुपयाच पाहिला जातो.

एकच पथ्य पाळा: टप्प्याटप्प्याने आसन्न करू नका. २.४४६ चे दशांशापर्यंत उत्तर २.४ आहे. आधी २.४५ आणि मग २.५ केले तर ते चुकते. तसेच हिशेबाच्या मध्ये आसन्न न करता शेवटी एकदाच करावे. सराफ्यात हे फार जाणवते. २२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोने, २२ ÷ २४ = ०.९१६६…; हॉलमार्कवर ९१६ असते ते याचेच. ८.४२० ग्रॅमच्या बांगडीत शुद्ध सोने ८.४२ × ०.९१६ = ७.७१२७२, म्हणजे सुमारे ७.७१३ ग्रॅम. इथे घाईने ०.९१६ चे ०.९ केले तर ७.५७८ ग्रॅम येतात आणि ०.१३५ ग्रॅम सोने कागदावरच नाहीसे होते. जाता जाता: जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा आहे, पण बाजारात अनेकदा १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तेव्हा भाव विचारताना ग्रॅममध्ये विचारावा.

पायरी ९: खोटी टिंबे ओळखा

इथवर सगळे जमले तरी एक जागा उरते आणि ती पुस्तकात क्वचितच सांगतात. टिंब दिसले म्हणजे दशांश असतोच असे नाही. टिंबाच्या उजवीकडे एकाचे दहा, शंभर, हजार असे भाग असतील तरच तो दशांश; सहा, बारा किंवा साठ भाग असतील तर ते टिंब फक्त दोन मापे वेगळी ठेवण्याचे काम करते.

नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालू असताना फलकावर ४.३ षटके दिसली तर चार षटके आणि तीन चेंडू झाले आहेत. षटक सहा चेंडूंचे असते, म्हणून ही खरी साडेचार, ४.५ षटके आहेत. ३६ धावा झाल्या असतील तर धावगती ३६ ÷ ४.५ = ८ येते; ४.३ ने भागले तर ८.३७ असे खोटे उत्तर येते. या मांडणीत ४.५ नंतर थेट ५ येते, ४.६ येत नाही. खोटे टिंब ओळखण्याची ती एक खूण आहे.

वेळेचेही तसेच. मजुरीच्या वहीत २.४५ तास लिहिले असतील तर ते दोन तास पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे पावणेतीन तास, २.७५ आहेत. ८० रुपये तासाने २२० रुपये होतात, पण २.४५ ने गुणणारा १९६ रुपये देतो आणि मजुराचे २४ रुपये बुडतात. बांधकामावर ३०.६ फूट म्हणजे ३० फूट ६ इंच असे सर्रास लिहितात. ४० फूट लांबीच्या प्लॉटचे क्षेत्रफळ ३०.५ × ४० = १,२२० चौरस फूट भरते, पण ३०.६ ने गुणले की १,२२४ येते. चौरस फुटाचा भाव लक्षात घेतला तर चार चौरस फुटांचा फरक किती महाग पडेल, हे ज्याने त्याने पाहावे. उंची लिहितानाही ५.११ ही ५.९ पेक्षा मोठी असते, कारण ते अकरा इंच आणि नऊ इंच आहेत.

शेवटी सातबारा. त्यावर क्षेत्र १.२०.५० असे लिहिलेले असते आणि एका संख्येत दोन टिंबे पाहून माणूस गोंधळतो. ते १ हेक्टर, २० आर, ५० चौरस मीटर आहेत. एका हेक्टरचे १०० आर आणि एका आरचे १०० चौरस मीटर, म्हणजे इथे भाग शंभराचे आहेत आणि हे टिंब अर्धे खरे आहे. प्रत्येक भागाला दोन घरे देऊन दुसरे टिंब काढले की १.२०५० हेक्टर होतात. एका हेक्टरचे सुमारे २.४७१ एकर धरले तर १.२०५ × २.४७१ = २.९७७५५५, म्हणजे सुमारे २.९८ एकर. सापळा आहे तो एकेरी आकड्याचा. एखाद्याने ‘एक हेक्टर पाच आर’ सांगितले आणि तुम्ही १.५ लिहिले, तर ते दीड हेक्टर झाले. लिहायला हवे होते १.०५. मधल्या त्या एका शून्यात ४५ आर, म्हणजे एका एकराहून जास्त जमीन आहे.